वैकुंठरथाचं पुढचं उजवं चाक

बापूसाहेब इंगवले स्वतःच्या अंत्ययात्रेत पहिले आले. म्हणजे बाकीचे सगळे म्हसोबाच्या उतारावरच राहिले आणि ते एकटे पुढे जाऊन स्मशानात पोहोचले.

असं काही झालेलं नाही. ते सोडून द्या. मी चाकापासून सुरुवात करतो.

नांदवडी नगरपरिषदेच्या मागच्या आवारात वैकुंठरथ जॅकवर चढवून मी त्याचं पुढचं उजवं चाक खोलत होतो. वैकुंठरथ म्हणजे एका भंगार मिनीबसच्या सीटा काढून, आत तिरडीसाठी ट्रॉली ठेवून आणि बाहेरून कमळं रंगवून केलेली शववाहिनी. मी तेव्हा आयटीआय करून वाहन विभागात कंत्राटावर नुकताच लागलो होतो. वाहन विभाग म्हणजे पाण्याचा एक टँकर, दोन घंटागाड्या, हा वैकुंठरथ आणि मी. त्यात चालू स्थितीत फक्त मी होतो.

वैकुंठरथाचे ड्रायव्हर रंगनाथ मोकाशी, म्हणजे सगळ्या गावाचे आबा, पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होते.

"दिग्या, काय करतोयस?"

"चाक खोलतोय आबा."

"का?"

"ओरडतंय म्हणून."

"ओरडत नाही ते," आबा म्हणाले. "रडतंय."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी चाकाच्या मधल्या हबची टोपी काढली, नट सोडवला, बाहेरचं लहान बेअरिंग हातात घेतलं. ग्रीस नावाचा पदार्थ त्यात कधीकाळी होता. आता नुसती काळी खरवड राहिली होती, दूध करपल्यावर पातेल्याला धरते तशी. रोलर तापून तापून निळसर झाले होते. आतलं मोठं बेअरिंग तर त्याहून वाईट.

"आबा, हे असंच पळवलं तर एक दिवस जाम होईल, चाकाचा दांडा, तो स्टब एक्सल, तुटेल आणि चाक निघून जाईल. तेही सपाटीला नाही, म्हसोबाच्या उतारावर. आणि तुमची सीट बरोबर ह्या चाकाच्या वर आहे."

"आणि माझ्या मागं जो झोपलेला असतो त्याचं काय?"

"त्याला आता काय व्हायचंय?"

"तेही खरं," म्हणून आबांनी चहा संपवला.

मी बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, फडक्याने कोरडी केली. तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची. दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीसच्या अळ्या बाहेर आल्या की समजायचं, पोट भरलं. मग हब चढवून नट आवळायचा आणि आवळून झाला की जरासा सैल सोडायचा, नाहीतर बेअरिंग चिरडतं. आयटीआयत एवढी एकच गोष्ट मी वर्गात शिकलो, बाकीचं सगळं कॅन्टीनमध्ये. शेवटी पिन घातली आणि चाकाला एका बोटाने ढकललं. ते फिरत राहिलं. आवाज नाही, काही नाही.

आबा बराच वेळ त्या चाकाकडे बघत होते.

"गप्प केलंस गाडीला," ते म्हणाले. "आता गाव तुला सोडत नाही."

मग त्यांनी मला ते सांगितलं. काही वर्षांपूर्वी विष्णुपंत काटदरे नावाचे एक गृहस्थ वारले. त्यांनी जन्मभर कुणाला काही दिलं नव्हतं, शिव्या सोडून. मुलं कोरड्या डोळ्यांनी उभी. सुना घड्याळ बघतायत. वैकुंठरथ दारातून हलला आणि त्याच दिवशी पहिल्यांदा चाकाने गळा काढला, तो नदीपर्यंत. लोक घराबाहेर आले. म्हणाले, गाडीलासुद्धा भरून आलं म्हणजे माणसात काहीतरी असणार. काटदऱ्यांच्या मुलांची कॉलर ताठ झाली. तेव्हापासून नांदवडीत माणसांनी रडायचं काम जवळजवळ बंद केलं. ते चाकाकडे दिलं.

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत की ते बेअरिंग आहे?"

"सांगितलं की. काटदऱ्यांच्या थोरल्याला सांगितलं. तो म्हणाला, आबा, तुम्हाला भावना नाहीत."

आबांच्या बोलण्यातून मला आणखीही कळलं. वजन जास्त असलं की चाक जास्त रडतं, त्यामुळे गावात जाडी माणसं फार लोकप्रिय ठरली होती. सडपातळ म्हाताऱ्या नुसत्या कण्हत गेल्या. डाव्या वळणावर सगळा भार उजव्या चाकावर येतो आणि तिथे आवाज टिपेला जातो. हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण अनुभव होता. म्हणून सधन घरची अंत्ययात्रा सरळ नदीला न जाता बाजारपेठेतून डावीडावीकडे वळत जायची. चौकातल्या कारंज्याला तर प्रदक्षिणाच व्हायची. तीही उलटी.

ग्रीस भरल्यावर पहिले गेले ते मोहोळकर शेठचे वडील. मी मुद्दाम बघायला गेलो. वैकुंठरथ दारातून निघाला आणि इतका शांत चालला, की पुढे उदबत्ती धरलेल्या माणसाने दोनदा मागे वळून तो येतोय का ते पाहिलं. मला फार बरं वाटलं. ते बाजारपेठेपर्यंत टिकलं.

कारण आवाज बंद झाल्यावर यात्रेतल्या मागच्या लोकांच्या गप्पा पुढच्यांना ऐकू यायला लागल्या. इतकी वर्षं चाक त्या झाकत होतं. आता नांदवडीने पहिल्यांदा ऐकलं, की अंत्ययात्रेत मागे चालणारे टोमॅटोबद्दल बोलतात, जावयाबद्दल बोलतात. एक जण तर अगदी स्पष्ट म्हणाला, "म्हाताऱ्यानं स्टँडमागचा प्लॉट धाकट्याच्या नावावर केलाय म्हणे." थोरले मोहोळकर शेठ मडकं घेऊन सर्वांत पुढे होते. ते जागच्या जागी थांबले. त्या दिवशी अग्नी द्यायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी मला हिप्परगे साहेबांनी बोलावलं. हिप्परगे साहेब नगरपरिषदेचे आरोग्य निरीक्षक. गावातले जन्म आणि मृत्यू दोन्ही त्यांच्याकडे असत. मधल्या काळाशी त्यांचा संबंध नव्हता.

"खरमाटे, तुम्ही रथाला काय केलंत?"

"ग्रीसिंग केलं साहेब."

"कुणाच्या परवानगीनं?"

"ग्रीसिंगला परवानगी लागते?"

"लोकांच्या भावनांना हात लावायला लागते." ते चष्मा पुसू लागले. "मोहोळकर शेठ सकाळी इथं येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं, शेजारच्या भुस्कुट्यांची म्हातारी गेली तेव्हा गल्लीभर रडली गाडी, आणि आमच्या वडलांना साधा हुंदकासुद्धा नाही. काय उत्तर देऊ मी?"

"बेअरिंग कोरडं होतं, हे उत्तर द्या."

"ते काढून टाका. जसं होतं तसं करून द्या."

"साहेब, तसं केलं तर चाक निघेल. आबा मरतील."

"इतकी वर्षं निघालं का?"

"निघालं नाही म्हणूनच आता निघेल."

"हे तुमचं मत झालं," हिप्परगे साहेब म्हणाले. त्यांच्याकडे मतांसाठी वेगळा कप्पा होता. तो भिंतीत नव्हता, कचऱ्याच्या डब्यात होता.

मी ग्रीस काढलं नाही, आणि त्यांनीही पाठपुरावा केला नाही, कारण पुढचा महिनाभर कुणी म्हणावं असं मेलं नाही. मग बापूसाहेब इंगवले अंथरुणाला खिळले.

बापूसाहेब अनेक वर्षं नगराध्यक्ष होते. एकदा नळाला पाणी आणतो म्हणून निवडून आले, पुढच्या वेळी पाणी अजून आलं नाही म्हणून निवडून आले. आता त्यांचे चिरंजीव उदयसिंह निवडणुकीला उभे राहणार होते आणि त्यांना वडिलांची यात्रा दणक्यात व्हायला हवी होती. अडचण अशी की आजारपणात बापूसाहेब वाळून काठी झाले होते. रथात त्यांचं वजन चाकाला कळलंही नसतं.

उदयसिंह स्वतः आवारात आले.

"दिगंबर, मला अडचण नको. रडणं पाहिजे."

"दादा, बेअरिंगला हात न लावता आवाज काढून देतो," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं, पण मला वाटलं, आवाजच हवा असेल तर तो कुठूनही आला तरी काय बिघडतं. मी डब्याचा पत्रा कापला आणि चाकाच्या ड्रमला घासेल असा बसवला. निरुपद्रवी काम. आबांचा जीव सुरक्षित, गावाची भावना सुरक्षित.

चाचणी बापूसाहेबांच्या बंगल्यासमोर झाली. पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. उदयसिंह, हिप्परगे साहेब आणि मधोमध बापूसाहेबांच्या थोरल्या बहीण आक्कासाहेब, ज्यांनी गावातली एकही यात्रा चुकवली नव्हती आणि ज्यांच्या कानाला मान होता. वरच्या खिडकीशी पलंगावर खुद्द बापूसाहेब. आबांनी रथ फाटकातून पोर्चपर्यंत आणला.

"हे रडणं नव्हं," आक्कासाहेब म्हणाल्या. "ह्याला सर्दी झालीय."

मी पत्रा जरा वाकवला. पुन्हा फेरी.

"आता हसतंय."

पत्रा उलटा बसवला. पुन्हा फेरी. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरंय. पण परक्याचं वाटतं. शेजारची बाई उगीच येऊन रडावी तसं. घरचं माणूस रडतंय असं नाही वाटत."

"भुस्कुट्यांच्या म्हातारीच्या वेळचं नाहीच," हिप्परगे साहेबांनी दुजोरा दिला.

तेवढ्यात वरच्या खिडकीत बापूसाहेबांनी हात वर केला. पंजा खालीवर होत होता.

"बाबा म्हणतायत, आणखी मोठा," उदयसिंह म्हणाले.

मला वाटलं, ते म्हणतायत, बंद करा. पण मी घरचा नव्हतो.

चारपाच दिवसांनी, सकाळी, बापूसाहेब गेले. दुपारी वैकुंठरथ बंगल्यासमोर उभा राहिला. पुण्याचे नातेवाईक आले होते, फुलांच्या माळा लागत होत्या. मला निरोप आला की नट खोलायचे पाने घेऊन ये. मी गेलो तर पुढचं उजवं चाक आधीच जॅकवर होतं आणि बेअरिंगं परातीत पेट्रोलमध्ये पडली होती. उदयसिंहांच्या एका चुलतभावाचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर होतं. त्याने हे काम केलं होतं. ग्रीसचा ठिपका राहिला नव्हता. इतकी स्वच्छ बेअरिंगं मी दुकानातसुद्धा पाहिली नव्हती.

"दादा, हे कोरडं बसवू नका," मी म्हणालो.

"तू बसवूच नकोस. आम्ही बसवतो. घरचं काम आहे."

आणि मग जे झालं ते मी फक्त नांदवडीतच होऊ शकेल असं मानतो. बेअरिंगं हबमध्ये गेली आणि आक्कासाहेब पुढे आल्या. त्यांच्या हातात ताम्हन होतं. त्यांनी हबला बुक्का लावला. बुक्का आत गेला. मग काळे तीळ वाहिले. तेही आत गेले. तिळात तेल असतं. त्या दिवशी त्या बेअरिंगची झालेली देखभाल ती एवढीच.

"आता नट," आक्कासाहेब म्हणाल्या. "थोरल्यापासून लावा. सगळ्यांचा हात लागला पाहिजे त्याला."

उदयसिंहांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि नट आवळला. नट बसला. तो तिथेच थांबून जरा मागे यायला हवा होता. पण मागे धाकटे चिरंजीव उभे होते. त्यांनी हात जोडले आणि पाव फेरा दिला. मग जावई. मग पुतणे. पुण्याचे साडू. मामेभाऊ गुडघ्यावर बसले, "बापू, येतो रे," म्हणाले आणि जोर लावला. जसजशी रांग सरकत गेली तसतसा नट हलेनासा झाला. पण ज्याच्या हाताने नट फिरला नाही त्याचं प्रेम कमी, असा अर्थ निघायला लागला होता. म्हणून एका भाच्याने पान्याला नळाचा पाइप लावला आणि त्यावर उभा राहिला.

"आबा," मी केबिनजवळ जाऊन हळूच म्हणालो, "तुम्ही ही गाडी चालवू नका. पोटात दुखतंय म्हणा."

"मी नाही तर कोण चालवणार?"

"तो पाइपवाला भाचा चालवू दे."

आबा हसले. मग म्हणाले, "दिग्या, बापूसाहेबांनी मला नोकरीला लावलं. त्यांच्या मंडपात सतरंज्या टाकत होतो मी. ही एक फेरी सोडली तर माणसं थुंकतील तोंडावर."

"ह्या फेरीत तुम्ही मराल."

"हळू घेतो," आबा म्हणाले. "उतारावर पहिल्या गिअरला ठेवतो. झालं?"

मी उदयसिंहांकडे गेलो. निदान बायपासच्या सपाट रस्त्याने न्या, म्हणालो. ते म्हणाले, बायपासला बघायला कोण असतं?

निघण्याआधी आवाज मोकळा व्हावा म्हणून रथाला स्टँडपर्यंत दोन रिकाम्या फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत तो मोकळा झाला. मी नंतर अनेक बेअरिंगं मरताना ऐकली, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. आक्कासाहेबांनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आता घरचं वाटतं."

यात्रा बाजारपेठेतून निघाली. डावं वळण आलं की चाक असं किंचाळायचं की दुकानदार खाली उतरून हात जोडायचे. कारंज्याला प्रदक्षिणा झाली. उदयसिंहांनी हाताने खूण केली, आणखी एक. मी पूर्ण वेळ चाकाला लागून चालत होतो. हबजवळ हात नेला तर तव्यावर नेल्यासारखं वाटत होतं. बुक्क्याचा आणि जळक्या तिळाचा वास येत होता. मागचे लोक म्हणत होते, काय पवित्र वास सुटलाय.

म्हसोबाच्या उताराच्या तोंडाशी हबमधून धूर निघाला. मी बॉनेटवर थापा मारल्या आणि उदयसिंहांना म्हणालो, "थांबवा दादा, इथेच थांबवा. इथून खांद्यावर न्या."

"आत्ता कुठं रडायला लागलीय," उदयसिंह म्हणाले.

रथ उताराला लागला. आबांनी पहिला गिअर ठेवला होता, शब्दाप्रमाणे. अर्ध्या उतारावर चाकाचं रडणं एकदम थांबलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग ताडकन् काहीतरी तुटलं, आणि पुढचं उजवं चाक गाडी सोडून एकटंच रस्त्याने निघालं, आणि शेजारच्या उसात गेलं. गाडी उजव्या कोपऱ्यावर बसली, घसरली, अर्धी फिरली आणि उतारावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर ड्रायव्हरच्या बाजूने आदळली. तिची पाठ आता खाली नदीकडे, म्हणजे स्मशानाकडे होती. मागचं दार उघडलं आणि बापूसाहेबांची ट्रॉली बाहेर आली.

त्या ट्रॉलीच्या चार छोट्या चाकांनाही मी महिन्यापूर्वी उरलेलं ग्रीस भरलं होतं. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ती कधी रडली नव्हती. ती आत्ताही रडली नाहीत. पुढे चालणारे बँडवाले दोन्ही बाजूंना झाले आणि बापूसाहेब फुलांसकट, अत्यंत शांतपणे, मधून गेले. स्मशानाचं फाटक उघडंच होतं. ते शेडच्या लोखंडी कठड्याला टेकून थांबले. लाकडं रचणाऱ्याने वर पाहिलं आणि, हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, सवयीने विचारलं, "बाकीचे मागून येतायत का?"

बाकीचे येतच होते. उतारावर सगळं गाव होतं, आणि ते सगळं ट्रॉलीमागे पळालं. उदयसिंह पळाले, हिप्परगे साहेब पळाले, पाइपवाला भाचा पळाला. आक्कासाहेबसुद्धा पळाल्या. एक माणूस मेला होता आणि त्याला आता काहीही होणार नव्हतं, त्याला वाचवायला शेकडो माणसं धावली. दुसरा केबिनमध्ये जिवंत होता.

दार चेपलं होतं. मी पहारीने ते उघडलं. आबांचा उजवा पाय दार आणि इंजिनच्या मध्ये होता. ते शुद्धीवर होते.

"दिग्या, पहिल्याच गिअरला होती," ते म्हणाले.

"माहितीय आबा. बोलू नका."

"कुणाला लागलं का?"

"नाही."

"मग माझ्याजवळ कुणी का नाही?"

मी म्हणालो, रस्ता अरुंद आहे, एकेक करून येतायत. ऊस टाकून परतणारा एक टेम्पोवाला थांबला. त्याला बापूसाहेब कोण ते ठाऊक नव्हतं, म्हणूनच थांबला असावा. आम्ही दोघांनी आबांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला.

दोन दिवसांनी आबांनी विचारलं, "बापूसाहेबांसाठी शेवटी कुणी रडलं का रे?"

"चाक रडलं."

"ते सोड. माणूस?"

"नाही."

"मला वाटलंच," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यांना बघायला इंगवल्यांकडचं कुणी आलं नाही. हिप्परगे साहेब आले. सोबत सफरचंदं होती. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी समजावलं, की बापूसाहेब उतारावरून असे घरंगळत गेले हे निवडणुकीच्या तोंडावर बरं दिसत नाही. त्यामुळे यात्रा सुरळीत पार पडली असं सभेत ठरलं आहे. रथ आधीपासूनच नादुरुस्त होता. बापूसाहेबांना खांद्यावरून नेलं. आबा त्या दिवशी रजेवर होते आणि घरी बाथरूममध्ये घसरून पडले.

"माझ्या घरी बाथरूम नाही साहेब," आबा म्हणाले.

"मग ती योजना आपण तुमच्यासाठी विचारात घेऊ," हिप्परगे साहेब म्हणाले आणि उठले.

माझं कंत्राट त्यांनी वाढवलं नाही. उदयसिंह निवडून आले. नवा वैकुंठरथ आला. सहा महिन्यांतच त्याचंही पुढचं उजवं चाक रडायला लागलं, असं ऐकतो. मी आता तालुक्याला गॅरेज चालवतो. आबा दुपारी कुबडीवर येऊन बादलीऐवजी खुर्चीवर बसतात, आणि मी काम करताना मला नट किती सैल सोडायचा ते सांगतात. हे लिहितोय असं मी त्यांना म्हटलं तर म्हणाले, लिही, पण शेवटी काहीतरी मागून ठेव, नुसतं लिहून सोडू नये. म्हणून मागतो.

प्रति, मा. मुख्याधिकारी साहेब, नांदवडी नगरपरिषद. ज्या अर्थी सदर दिवशी म्हसोबाच्या उतारावर कोणताही अपघात घडलेला नाही, आणि ज्या अर्थी तसा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला आहे, त्या अर्थी श्री. रंगनाथ मोकाशी, सेवानिवृत्त वाहनचालक, यांचा उजवा पाय, गुडघ्यापासून खाली, पूर्वीच्या जागी पूर्ववत बसवून देण्यात यावा, ही नम्र विनंती. मापासाठी उजवी चप्पल सोबत जोडली आहे. ती वापरलेली नाही.